प्रश्न कोणाला विचारला?

डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात सातवीचा वर्ग. मी मागच्या बाकावर, गुडघे बाकाखाली कसेबसे कोंबून बसलेली. पुढे बी.एड.ची छात्राध्यापिका सर्किट शिकवत होती. टेबलावर एक सेल, दोन वायरी, टॉर्चचा छोटा बल्ब. गोव्यात बहुतेक सरकारी प्राथमिक शाळांत चौथीपर्यंत मराठी किंवा कोंकणी आणि पाचवीपासून बहुतेक शाळांत इंग्रजी, त्यामुळे फळ्यावर इंग्रजी, मुलांची कुजबुज कोंकणीतून आणि तास संपल्यावर आमची चर्चा मराठीत, असा सगळा कारभार.

पाठ चांगला झाला. प्रस्तावना नेमकी, फळ्यावरचं अक्षर वळणदार, साहित्य वेळेवर हाती. माझ्याकडच्या निरीक्षणपत्रातल्या जवळजवळ सगळ्या रकान्यांत मी चांगले गुण दिले. पण वहीच्या शेवटच्या पानावर मी आणखी दोन रकाने पाडले होते, मुलगे आणि मुली. प्रश्न विचारला गेला की त्या त्या रकान्यात एक रेघ. वर्गात मुली मुलग्यांपेक्षा दोनाने जास्तच होत्या. तास संपला तेव्हा एकवीस रेघांपैकी पंधरा मुलग्यांकडे होत्या. मुलींच्या सहापैकी चार प्रश्न 'व्याख्या वाच' किंवा 'उतरवून घेतलंस का?' या जातीचे. 'बल्ब का पेटला नाही?' हा प्रश्न एकाही मुलीला गेला नव्हता. सर्किट जोडायला पुढे आले ते तिघेही मुलगे. वायरी वाटल्या आणि गोळा केल्या मुलींनी.

शिकवणारी स्वतः फिजिक्सची पदवीधर. मी पान दाखवलं तर तिचा चेहराच पडला. म्हणाली, "मॅडम, मी तर जे हात वर करतात त्यांनाच विचारलं."

खरं होतं ते. आणि म्हणूनच हा विषय वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. वर्गात भेदभाव करणारा शिक्षक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर 'मुलींनी शिकून काय करायचंय' असं म्हणणारा कुणी जुना मास्तर येतो. तसा माणूस आज शोधून सापडायचा नाही. सापडते ती ही छात्राध्यापिका, जिच्या मनात काहीही वावगं नाही आणि तरी पंधरा रेघा एका बाजूला.

असं का होतं? ज्याचा पाठ कुणी तपासतंय त्याला शांततेची भीती वाटते. प्रश्न टाकला आणि वर्ग गप्प बसला, तर मागे बसलेल्या मॅडम काय लिहितील? म्हणून जो पटकन ओरडतो त्याचं उत्तर घेतलं जातं. पटकन कोण ओरडतं? ज्याला घरात-गल्लीत मोठ्याने बोलायची सवय आहे आणि चुकलं तर फारसं कुणी हसत नाही, तो. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970 च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं ऐकून मोजलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. तो वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांबतात, 'माहीत नाही' कमी होतं आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागतात. फक्त दोन सेकंद जास्त. पण पाठ देणाऱ्याला ते दोन सेकंद दोन मिनिटांसारखे वाटतात, हे मी माझ्या विद्यार्थीदशेतल्या अनुभवावरून सांगू शकते.

पुस्तकात नसलेलं, वेळापत्रकात नसलेलं, पण शाळा रोज शिकवत असलेलं जे असतं त्याला शिक्षणशास्त्रात छुपा अभ्यासक्रम म्हणतात. 1968 मध्ये फिलिप जॅक्सन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी हा शब्द वापरात आणला. आपल्याकडची उदाहरणं द्यायला पुस्तक उघडायची गरजच नाही. हजेरीपटावर आधी मुलग्यांची नावं, मग मुलींची. प्रमुख पाहुणे आले की ताम्हण घेऊन मुली, बाक उचलायला मुलगे. बाहेर दुकानावर काही आणायला पाठवायचं असेल तर मुलगा, रांगोळीला मुलगी. मुलीच्या वहीवर शेरा 'अक्षर सुंदर', मुलग्याच्या वहीवर 'हुशार आहे, पण मेहनत करत नाही'. नीट पाहा, दुसरा शेरा रागावण्याचा असूनही त्यात हुशारी मान्य केलेली आहे. पहिला कौतुकाचा आहे आणि त्यात फक्त टापटीप.

आता गोव्यातला हमखास आक्षेप. 'आमच्याकडे मुली पुढेच आहेत, कशाला हे सगळं?' दरवर्षी निकालाच्या दिवशी 'यंदाही मुलींनीच बाजी मारली' हा मथळा ठरलेला असतो. 2011 च्या जनगणनेत गोव्याची साक्षरता 88.70 टक्के होती, स्त्रियांची 84.66. देशाच्या मानाने उत्तमच. शिवाय 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे आईबापांच्या मालमत्तेत मुलीचा वाटा मुलाइतकाच, आणि तो मृत्युपत्र करून पूर्णपणे काढून घेता येत नाही. मग राहिलं काय?

त्याच जनगणनेत गोव्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली होत्या 942. जिथे मुली शाळेत बाजी मारतात तिथेच शाळेत येण्याआधी त्या संख्येने कमी भरतात, हे निकालाच्या मथळ्यात दिसत नाही. आणि पास होणं हा एक भाग झाला. पुढे काय? केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात देशभरातल्या घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात घालवताना आढळल्या, आणि घरकाम करणारे पुरुष 97. घरकामाला हातच न लावणारे पुरुष या सरासरीत धरलेलेच नाहीत. घरकामाची अशी पाळी सांभाळून बाजी मारणाऱ्या मुलीचं अभिनंदन करताना तिच्या भावाने त्या वेळात काय केलं, हे शाळा विचारत नाही. म्हणजे हा विषय मुलींइतकाच मुलग्यांच्या शिक्षणाचा आहे. आमच्या प्रशिक्षणात हे पटवायलाच सगळ्यात जास्त वेळ जातो.

कागदावर म्हणाल तर धोरणांची कमतरता कधीच नव्हती. हंसा मेहता समितीने 1960 च्या दशकातच म्हटलं होतं की मुलग्यांचा आणि मुलींचा अभ्यासक्रम वेगळा ठेवायचं कारण नाही. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर स्त्रीच्या स्थानात मूलभूत बदल घडवण्याचं काम शिक्षणावर सोपवलं. पण हे काम वर्गात ज्याने करायचं त्याला ते शिकवायची सोय उशिरा झाली. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने 2012 मध्ये शिक्षक-प्रशिक्षणाची झाडाझडती घेतली. त्यानंतर 2014 च्या नियमांनी बी.एड. एका वर्षाचं दोन वर्षांचं झालं, शाळेतल्या प्रत्यक्ष कामाला वीस आठवडे मिळाले, आणि 'लिंगभाव, शाळा आणि समाज' हा विषय अभ्यासक्रमात आला. अर्धा पेपर. 'अर्धा' या शब्दावर आमच्या स्टाफरूममध्ये जे विनोद होतात ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

त्या अर्ध्या पेपरात एक प्रश्न ठरलेला असतो: लिंग आणि लिंगभाव यांतला फरक स्पष्ट करा. मुलं तो घोकतात आणि तक्ता काढून मोकळी होतात. मी वर्गात तो खवणीवर समजावते. नारळ खवायला काय लागतं? हात, पाय आणि बूड. तिघंही सगळ्यांकडे आहेत. मग घरात खवणी आईचीच का? आणि जत्रेला देवळात महाप्रसाद असला की ढिगाने नारळ खवायला पुरुष कसे बसतात? तिथे त्यांना कमीपणा वाटत नाही, उलट मान असतो. तोच माणूस, तीच खवणी. शरीराने जे दिलं ते लिंग. कोणती खवणी कोणाची, हे जे समाजाने ठरवलं तो लिंगभाव. आणि समाजाने ठरवलेलं देवळाच्या पायरीवर बदलू शकतं, तर घरच्या उंबऱ्यावरही बदलू शकतं. इथे मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, तुमच्या घरी कोण खवतं?" आमच्या घरी मिक्सर खवतो, असं सांगून मी सुटका करून घेते. हल्ली तेही चालत नाही; मिक्सरचं बटण कोण दाबतं, असा पुढचा प्रश्न येतो.

दुसरा एक समज असा की शिक्षकी पेशात बायकाच जास्त, तेव्हा हा प्रश्न आपोआप सुटेल. माझ्या वर्गातही छात्राध्यापिकांच्या गर्दीत दोन-चारच छात्राध्यापक असतात (आणि प्रोजेक्टर उचलायला त्यांनाच हाक मारली जाते, हेही सांगून टाकते). पण बाई शिकवते म्हणून मुलींचं भलं होतंच असं नाही. 2010 मध्ये अमेरिकेत सतरा प्राथमिक शिक्षिकांच्या वर्गांचा अभ्यास झाला. ज्या शिक्षिकांना स्वतःला गणिताची धास्ती होती, त्यांच्या वर्गातल्या ज्या मुलींचा वर्षअखेरीस 'गणित मुलग्यांचं, वाचन मुलींचं' असा समज झाला होता, त्या गणितात मागे पडल्या. मुलग्यांवर तसा परिणाम दिसला नाही. मुली बाईंकडून बेरीज-वजाबाकी शिकतात, तशी भीतीही शिकतात. म्हणून प्राथमिक शिक्षिका होणाऱ्या मुलीची गणिताची भीती घालवणं हा माझ्या मते समानतेच्या प्रशिक्षणाचाच भाग आहे, आणि तो कुठल्याही पेपरात, अर्ध्यादेखील, लिहिलेला नाही.

तर प्रशिक्षणात करायचं काय? व्याख्यानाने फारसं हलत नाही. पहिल्या आठवड्यात मी प्रत्येकाला कोरा कागद देते आणि व्यापार करणाऱ्या माणसाचं चित्र काढायला सांगते. जवळजवळ सगळ्यांचं चित्र एकच: गल्ल्यावर बसलेला, पोट सुटलेला पुरुष. मग विचारते, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरची, सुकी मासळी, केळी तुम्ही कोणाकडून घेता? वर्गात हशा पिकतो. आयुष्यभर बायकांशी घासाघीस केली आणि कागदावर उतरला शेठ. डेव्हिड चेंबर्स या संशोधकाने 1966 ते 1977 या काळात 4807 मुलांकडून शास्त्रज्ञाचं चित्र काढून घेतलं होतं. स्त्री शास्त्रज्ञ काढली फक्त 28 जणांनी, आणि त्या सगळ्या मुलीच होत्या. शास्त्रज्ञ मुलांनी पाहिलेला नसतो, म्हणून ते ऐकीव चित्र काढतात असं म्हणता येईल. पण बाजार तर आम्ही दर आठवड्याला पाहतो!

मग पाठ्यपुस्तक. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले, तेव्हा वर्तमानपत्रांत बातम्या झाल्या. बाबांनी भाजी निवडणं ही बातमी होते, इथेच पुस्तक कुठून आलंय ते कळतं. छात्राध्यापकांनी एखादं पुस्तक घेऊन चित्रांत कोण धावतंय, कोण बसलंय, गणिताच्या उदाहरणात आंबे कोण विकतंय हे मोजावं. पुस्तक बदलणं त्यांच्या हाती नसतं. उदाहरणातलं नाव बदलणं मात्र असतं, आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

भाषेचा मुद्दा गोव्यात विशेष गमतीचा. मराठीत आपण 'मुलांनो' म्हणून अख्ख्या वर्गाला हाक मारतो, मुलींनी स्वतःला त्यात धरून घ्यायचं. कोंकणीत चेडो आयलो, पण चेडूं आयलें. लहान किंवा तरुण मुलगी 'तें', नपुंसकलिंगी. बोलणाऱ्याच्या मनात त्यात माया असते, तुच्छता नसते, आणि व्याकरणाला कोर्टात खेचायचा माझा विचार नाही. एका तासाला मात्र मी हा विषय काढला, तेव्हा साखळीहून येणारी एक छात्राध्यापिका म्हणाली की लग्नानंतर सासरची माणसं आपल्याला 'ती' म्हणू लागली तेव्हा एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं होतं. लग्न झालं म्हणून? नोकरी लागली तेव्हा का नाही? यावर वर्ग बराच वेळ बोलत राहिला. मी गप्प बसून ऐकलं. शिकवायला काही उरलंच नव्हतं.

सगळ्यात उपयोगी पडतो तो उत्तरांचा सराव. नवखा शिक्षक अडखळतो तो ऐनवेळी. सातवीतला मुलगा म्हणतो, "टीचर, ह्या ग्रुपात चलयोच आसात, तांकां जमचें ना." म्हणजे या गटात मुलीच आहेत, त्यांना जमणार नाही. काय म्हणाल? बहुतेक जण गप्प बसतात किंवा रागावतात. गप्प बसलं तर वाक्य खरं ठरतं, रागावलं तर तो मुलगा शहीद होतो. आम्ही दोघा-दोघांच्या जोड्या करून दहा-दहा वेळा ही वाक्यं एकमेकांवर टाकतो. "कशावरून म्हणतोस? बघूया करून" असं साधं, न चिडता दिलेलं उत्तर तोंडात बसायला दहा वेळा लागतात. पालकसभेचाही असाच सराव. "पोरीला कॅम्पला नको पाठवू, पोराला पाठव" म्हणणाऱ्या बापाशी कसं बोलायचं, हे पुस्तकात वाचून येत नाही. मासिक पाळीबद्दल मुलग्यांसमोर बोलायचं तर आधी स्वतःच्या तोंडून तो शब्द आवाज न उतरवता निघायला हवा. आणि बाललैंगिक अत्याचाराची शंका आल्यावर 2012 च्या पॉक्सो कायद्याने शिक्षकावर कळवण्याची सक्ती आहे, न कळवणं हा गुन्हा आहे, एवढं तरी पाठ असायलाच हवं.

शाळेतच काम केलं तर फरक पडतो का? पडतो, पण जादू होत नाही. मुंबईत 2008 पासून महापालिकेच्या शाळांत सहावी-सातवीच्या मुलांसाठी खेळ, नाट्य आणि चर्चा यांचा कार्यक्रम झाला. टाटा समाजविज्ञान संस्था आणि कोरो ही संस्था त्यात होत्या, आणि तोच अभ्यासक्रम पुढे गोव्यातल्या शाळांतही वापरला गेला. मुलांची मतं बदललेली दिसली. मारामारीच्या बाबतीत चित्र तितकं स्पष्ट नव्हतं. हरियाणात 314 सरकारी शाळांचा अभ्यास झाला; त्यांतल्या जवळजवळ निम्म्या शाळांत सातवी-आठवीच्या मुलामुलींबरोबर अडीच वर्षं अशा तासिका झाल्या. तिथे दोघांचीही मतं सरकली, मुलगे घरकामात थोडा हात लावू लागले. मुलींच्या आकांक्षांत फरक पडला नाही, कारण त्या आधीपासूनच उंच होत्या. 'आमच्या मुली पुढेच आहेत' म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते. मुली तयारच असतात.

मुलगा-मुलगी या दोन रकान्यांत न बसणाऱ्या मुलांसाठी आमच्याकडे अजून जवळजवळ काहीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये तृतीयपंथी व्यक्तींची ओळख मान्य केली. 2021 मध्ये एनसीईआरटीने अशा मुलांना शाळेत सामावून कसं घ्यावं यावर शिक्षकांसाठी पुस्तिका काढली आणि आक्षेप येताच ती संकेतस्थळावरून काढून घेतली. माझे दोन रकानेही अपुरेच आहेत, हे मला ठाऊक आहे.

खरी गळती मात्र वेगळ्याच जागी आहे. कॉलेजात हे सगळं शिकून छात्राध्यापिका वीस आठवडे शाळेत जाते. तिथले अनुभवी शिक्षक पहिल्याच दिवशी प्रेमाने सांगतात, "ते सगळं कॉलेजात. इथे पोर्शन संपव." त्यांचाही दोष नाही, पोर्शन त्यांच्याच माथी असतो. वर निरीक्षणपत्रात रकाने कसले? प्रस्तावना, फलकलेखन, साहित्य, वर्गनियंत्रण. प्रश्न किती विचारले याला गुण आहेत, कोणाला विचारले याला नाहीत. ज्याला गुण नाहीत ते विद्यार्थी करत नाहीत. मीही केलं नव्हतं. एका शाळेत मी जास्तीच्या रकान्याची कल्पना मांडली, तर उत्तर आलं की फॉर्म छापून झालेत. म्हणून मी शेवटच्या पानावर पेन्सिलीने रेघा मारते. मध्यंतरी एका वात्रट बॅचने माझ्याच तासाला रेघा मारल्या. वर्गात तीन छात्राध्यापक, बाकी सगळ्या मुली, आणि माझे निम्मे प्रश्न त्या तिघांना. ते पान त्यांनी मला फ्रेम करून द्यायची धमकी दिली आहे.

डिचोलीच्या त्या मुलीने पुढच्या आठवड्यात तोच पाठ दुसऱ्या तुकडीवर घेतला. या वेळी प्रश्न टाकून ती ओठांतल्या ओठांत चारपर्यंत मोजत होती, मागून मला दिसत होतं. सर्किट जोडायला खिडकीजवळची, दोन वेण्यांची मुलगी पुढे आली. वायर लावली, बल्ब पेटला नाही. लगेच पहिल्या बाकावरून एक हात आणि आवाज एकदम, "टीचर, हांव करतां!" छात्राध्यापिकेने त्याच्याकडे न बघता तळहात दाखवला. थांब. वर्ग गप्प. मी घड्याळ पाहत होते. मुलीने वायर उलटसुलट केली, बल्ब काढून दुसरा लावला, पुन्हा पाहिला आणि म्हणाली, "सेल सोंपला."

सेल खरंच संपला होता. आदल्या दिवशी सराव करताना जोडला आणि रात्रभर तसाच राहिला असणार. नवा सेल हवा, तर दुकान रस्त्यापलीकडे. छात्राध्यापिकेने सवयीने मुलग्यांच्या रांगेकडे पाहिलं, मग मागे माझ्याकडे पाहिलं आणि चपापली. तेवढ्यात दारात उभ्या असलेल्या शिपाईमामांनी स्टूल ओढलं आणि भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून टेबलावर ठेवला. बल्ब पेटला. घड्याळ अकरा वीसवर थांबलं, आणि तास संपल्याचं घंटा होईपर्यंत कुणालाच कळलं नाही.